कामाच्या रगाड्यांत घरचा वेळ

‘वेळच मिळत नाहीं’ या वाक्याइतकें सर्वसंमत वाक्य आजच्या नाशकांत दुसरें सांपडणें कठीण. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळीला जाणारा कामगार तें म्हणतो. निफाडकडचा द्राक्षबागाईतदार छाटणीपासून तोडणीपर्यंत तेंच म्हणत असतो. लासलगांवच्या बाजारांत कांद्याची गाडी उभी करून लिलावाची वाट पाहणारा शेतकरी, वाट पाहण्याखेरीज हातीं दुसरें काम नसतांहि, तेंच म्हणतो. पंचवटी एक्सप्रेसनें रोज मुंबईस जाणारा पासधारक मात्र कांहींच म्हणत नाहीं. कारण म्हणावयाचें तर ऐकावयास घरांत जागें कोण असतें? १९७५ सालीं ही गाडी सुरू झाली, तेव्हांपासून नाशिकरोडच्या फलाटावर सकाळीं सातच्या सुमारास हा गृहस्थ उभा असतो आणि रात्रीं साडेनवाच्या पुढें त्याच फलाटावर उतरतो. डब्यांतील त्याची जागा ठरलेली, सोबती ठरलेले. त्यांच्या मुलांच्या परीक्षांचे निकाल त्याला पाठ असतात. घरचें मूल सकाळीं निजलेलें आणि रात्रींहि निजलेलें. तें किती वाढलें हें त्याला पांघरुणावरून समजतें.

अशा माणसाला उपदेश करणें सोपें आहे, परंतु न्यायाचें नाहीं. तो आळशी नाहीं, निष्प्रेम तर मुळींच नाहीं. ज्यांच्यासाठीं तो पहांटे उठतो त्यांच्यापासूनच तें उठणें त्याला दूर नेतें, एवढाच काय तो पेंच. तेव्हां त्याला चार सुभाषितें ऐकविण्यापेक्षां, याहूनहि अधिक कामांत गुंतलेल्या एका मनुष्यानें हा पेंच कसा सोडविला, किंबहुना कितपत सोडविला, हें पाहणें अधिक उपयोगाचें होईल. हा मनुष्य नाशिक जिल्ह्यांतलाच. त्याचा जन्म निफाड येथें १८ जानेवारी १८४२ रोजीं झाला. महादेव गोविंद रानडे, ज्यांना घरांत व बाहेरहि माधवराव म्हणत, त्यांची ही गोष्ट.

तत्पूर्वीं व्याकरणाचा एक मुद्दा. मराठी भाषेनें ‘वेळ मिळणें’ व ‘वेळ काढणें’ असे दोन प्रयोग जपून ठेवले आहेत. ‘मला वेळ मिळतो’ या वाक्यांत कर्ता वेळ आहे. माणूस नुसता हात पसरून बसलेला. ‘मी वेळ काढतों’ यांत कर्ता माणूस. विहिरीचें पाणी काढतात, कर्ज काढतात, तसाच वेळहि काढतात. म्हणजे त्याला दोर लागतो, पोहरा लागतो, आणि पुष्कळदां व्याजहि भरावें लागतें. हें व्याज कोणी भरलें, तें पुढें येईलच.

माधवराव अडीच वर्षांचे असतांनाची एक हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. कुटुंब निफाडाहून कोल्हापुरास बैलगाडीनें निघालें होतें. रात्रीची वेळ, गाडींतील मंडळी पेंगलेली, गाडीवान आपल्या बैलांच्या नादांत. वाटेंत गाडीला धक्का बसला आणि मूल खालीं पडलें. कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. गाडी आपल्या चालीनें पुढें चालली. मागून विठूकाका घोड्यावरून येत होते. टापांचा आवाज ऐकून त्या मुलानें अंधारांतून हांक मारली आणि काकांनीं त्याला उचलून घेतलें. गाडींतल्या कोणाच्याहि प्रेमांत उणेपणा नव्हता. गाडी चालू होती, आणि चालत्या गाडींत सगळे निश्चिंत होते, इतकेंच.

हा मुलगा पुढें १८७१ सालीं पुण्यास पहिल्या वर्गाचा सबजज्ज झाला. कोर्टाचें काम हा त्यांच्या दिवसाचा केवळ एक भाग होता. सार्वजनिक सभेचे अर्ज, अहवाल व टिपणें, प्रार्थनासमाजांतील प्रवचनें, वक्तृत्वोत्तेजक सभा, व्याख्यानमाला, भेटीस येणारी माणसें आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारीं पत्रें, या सर्वांचा भार एकाच माणसावर. त्यांत विद्यार्थिदशेंतच वाचनाच्या अतिरेकानें डोळे बिघडलेले; यामुळें पुष्कळसें वाचन दुसऱ्याकडून करून घ्यावें लागे. ज्याला वाचावयास उसने डोळे लागतात, त्याच्या दिवसाचे तास अधिकच आंखूड असतात.

१८७३ सालीं त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. माधवराव विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. ते आतां काय करतात इकडे साऱ्यांचे डोळे लागलेले. वडिलांनीं आग्रह धरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांचा विवाह कुर्लेकरांच्या अकरा वर्षांच्या यमुनेशीं झाला. तीच रमाबाई. सुधारकांनीं या विवाहाबद्दल जो दोष दिला तो अनाठायीं नव्हता, आणि खुद्द माधवरावांनींहि त्याचें मंडन केलेलें आढळत नाहीं. परंतु त्यानंतर त्यांनीं जें केलें तें फारसें कोणी केलें नव्हतें. मुलीला अक्षरओळख नव्हती. तिच्या माहेरीं मुलींनीं शिकण्याची चालच नव्हती. लग्नाच्या गडबडींतून घर मोकळें होतांच पहिल्याच रात्रीं त्यांनीं तिला लिहितां-वाचतां येतें काय असें विचारलें, आणि पाटी-पेन्सिल पुढें ठेवली. तेव्हांपासून रोज रात्रीं सुमारें दोन तास हा परिपाठ चालला. दिवसभर कोर्ट, सायंकाळीं सभा. आणि सगळें आटोपल्यावर दिव्याजवळ एक विद्वान न्यायाधीश बाराखडीचीं वळणें गिरवून घेत बसलेला.

या दोन तासांविषयीं बोलतांना लोक माधवरावांचें कौतुक करतात, तें रास्तच. परंतु त्या तासांचें व्याज भरलें तें रमाबाईंनीं, आणि तें दिवसा. पुण्याचें घर मोठें. सासूबाई, आत्येसासू, नणंद, नात्यांतल्या आणखी कितीतरी बायका. रात्रीं माडीवर सून काय करते हें खालीं सगळ्यांना ठाऊक असे; आणि सकाळीं चुलीपुढें, विहिरीवर, निवडणें-टिपणें चाललें असतां त्याचा समाचार घेतला जाई. टोमणे, अबोला, कामांतून वगळणें, हीं सगळीं हत्यारें त्या काळच्या स्वयंपाकघरांत तयार असत. नवरा सांगेल तें थोडें ऐकावें, थोडें कानाआड करावें, म्हणजे आपोआप कंटाळेल, असा शहाणपणाचा सल्लाहि वडीलधाऱ्या बायका देत. पुढें एक युरोपियन बाई इंग्रजी शिकवूं लागली, तेव्हां तिला शिवलेल्या सुनेनें स्नान केल्यावांचून घरांत वावरूं नये, असा दंडक झाला. या सगळ्याला रमाबाईंनीं उत्तर दिलें नाहीं आणि रात्रींचा अभ्यासहि सोडला नाहीं. एवढें सोसण्याजोगें त्या दोन तासांत कांहींतरी असलेंच पाहिजे. तें केवळ क्रमिक पुस्तकांत असूं शकत नाहीं.

१८७८ सालीं माधवरावांची बदली नाशकास झाली. सरकारच्या हिशेबीं ही एक साधी बदली. पुण्याच्या चळवळींपासून एक कर्तबगार माणूस थोडा दूर ठेवावा असाहि त्यांत हेतु असावा, असें तेव्हां बोललें जाई. परंतु रमाबाईंच्या आयुष्यांत नाशिक म्हणजे पहिलें मोकळें आंगण. त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुण्याचें मोठें कुटुंब पुण्यास राहिलें आणि इथें प्रथमच संसार त्यांच्या हातीं आला. घरखर्च त्यांच्या स्वाधीन झाला आणि जमाखर्च लिहिण्याची संवयहि लावली गेली. पुण्यास जो अभ्यास रात्रीं दार लोटून होई, तो इथें उजेडांत होऊं लागला. वाचन, लेखन, पहांटेचीं स्तोत्रें, हीं दिवसाच्या क्रमांत बसलीं. माधवराव पहांटे उठून अभंग म्हणत. त्या वेळीं चुटक्या वाजवीत, कधीं टाळ्या वाजवीत ते तल्लीन होत. ती पहांट आतां दोघांची झाली.

हें वर्ष माधवरावांना निवांत होतें म्हणून हें शक्य झालें, असें कोणी समजूं नये. कामाच्या दृष्टीनें १८७८ हें त्यांच्या आयुष्यांतील दाट वर्षांपैकीं एक. त्याच वर्षीं सार्वजनिक सभेचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. शेतसारा, दुष्काळ, व्यापार, चलन, असे त्याचे विषय. आणि त्यांतील मोठा हिस्सा माधवरावांच्या एकट्याच्या लेखणींतून उतरे. त्याच वर्षीं मे महिन्यांत पुण्यास मराठी ग्रंथकारांचें पहिलें संमेलन भरलें. त्याच्या खटाटोपांत माधवरावांबरोबर लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख होते. हे देशमुखहि त्या सुमारास नाशकासच न्यायाधीश होते. दोन न्यायाधीश, दोघेहि दिवसा कज्जे निकालांत काढणारे आणि उरलेल्या वेळांत मराठी ग्रंथांची काळजी वाहणारे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या या गांवाला अशीं माणसें नवीं वाटलीं नसतील. तरी दोघांच्या घरचीं माणसें परस्परांकडे जाऊं-येऊं लागलीं, बायकांच्या भेटीगांठी व हळदीकुंकवें होऊं लागलीं, हें मात्र नवें होतें.

नाशकांतच रमाबाई पहिल्यानें सभेपुढें उभ्या राहिल्या. शाळेचा समारंभ होता, आणि त्यांना चार शब्द बोलावयाचे होते. ते शब्द माधवरावांनीं लिहून दिले. हा प्रसंग सांगतांना सामान्यतः ‘स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा आरंभ’ वगैरे म्हटलें जातें, आणि तें खरेंच आहे. परंतु घरगुती बाजूनें पाहिलें तर त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला त्रैमासिकासाठीं मजकूर पुरा करावयाचा आहे, त्यानें एका संध्याकाळीं तो बाजूला सारून पत्नीच्या तोंडीं शोभतील अशीं पांचसात वाक्यें रचलीं. तीं तिच्याकडून म्हणवून घेतलीं असतील, कोठें थांबावें तें सांगितलें असेल. त्रैमासिकाचे जुने अंक आज संशोधक चाळतात. तीं पांचसात वाक्यें कोणत्याहि संग्रहांत नाहींत.

१८७९ सालीं पुण्यास वाड्यांना आगी लागल्या, वासुदेव बळवंत फडक्यांचें बंड झालें, आणि सरकारचा संशय वाढून माधवरावांची धुळ्यास बदली झाली. तेथें त्यांच्या टपालावर नजर ठेवली जात असे. बंडवाल्यांच्या नांवानें फसवीं पत्रें येत आणि तीं ते मुकाट्यानें पोलिसांकडे धाडीत. नाशकाचा मोकळा काळ असा वर्षासव्वावर्षांतच संपला. पण तेथें बसलेला क्रम मोडला नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. त्यांनीं हा वेळ काढला कोठून? रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ वाचतांना एक गोष्ट हळूहळू ध्यानांत येते. माधवरावांनीं घरच्या माणसासाठीं रिकामा वेळ शोधलाच नाहीं, कारण तो नव्हता. जी गोष्ट दिवसांत एरवींहि व्हावयाचीच, तिच्यांत त्यांनीं रमाबाईंना बसविलें. रात्रीं निजण्यापूर्वीं पायांच्या तळव्यांना तूप चोळण्याची त्यांची रीत होती. तें चोळणें व वाचन एकत्र चाले. डोळे अधू, म्हणून पत्रें व वर्तमानपत्रें दुसऱ्यानें वाचून दाखवावयाचींच. तें वाचन रमाबाईंकडे आलें. ज्या कामामुळें पति घरापासून दूर जाई तेंच काम असें घरांत आलें, आणि त्यावर दोघांचें बोलणें होऊं लागलें. फिरावयास जाण्याची वेळ, प्रवासाची वेळ, हीं सगळीं अशींच जोडलेलीं. १८८६ सालीं सरकारी खर्चांत काटकसर सुचविण्यासाठीं नेमलेल्या समितीवर त्यांची निवड झाली, तेव्हां रमाबाई त्यांच्याबरोबर शिमल्यास व कलकत्त्यास गेल्या. कलकत्त्यास दारांत बंगाली वर्तमानपत्र आलें आणि तें वाचतां येईना. ज्या मुलखांत राहतों तेथली लिपि येत नाहीं याची माधवरावांना लाज वाटली. पण बंगाली शिकावयास वेळ कोणता? हजामतीचा! सकाळीं न्हावी हजामत करी आणि त्याच वेळीं हातीं बंगाली पुस्तक धरून माधवराव त्याला शब्द विचारीत. आंतून रमाबाईंना हा संवाद ऐकूं आला आणि हंसूं आवरेना. थोड्याच दिवसांत जें न्हाव्याकडून शिकले तें ते रमाबाईंना शिकवूं लागले, आणि दोघेंहि बंगाली वाचूं लागलीं. समितीचीं कागदपत्रें, हिशेबांचे डोंगर, अनोळखी हवा, आणि त्यांत रोज वस्तऱ्याखालचीं पंधरावीस मिनिटें. त्यांतून घरांत दोघांचा असा एक नवा विषय तयार झाला.

पासधारकाला हें सांगितलें तर तो म्हणेल, ‘ते न्यायमूर्ति, आमच्या डब्यांत बायको कशी बसविणार?’ शंका खरी आहे. माधवरावांच्या घरीं आचारी होते, गडी होते, कोर्टाला सुट्या होत्या. यंत्राची पाळी नव्हती आणि तीन तासांची लोकल अथवा एक्सप्रेस नव्हती. त्यांची बरोबरी कोणी करूं नये. पण एवढें खरें कीं, डब्यांतल्या सोबत्याला जी गोष्ट रोज सांगितली जाते ती घरीं सांगितली जात नाहीं. कचेरींतल्या कामाचा एखादा भाग घरीं नेऊन कोणाला वाचावयास द्यावा, हें पुष्कळांच्या मनांतच येत नाहीं. ‘तिला त्यांतलें काय कळतंय’ हें एक, आणि ‘घरीं तरी कामाचें नको’ हें दुसरें. पहिलें बहुधा खोटें असतें. दुसरें पुष्कळ वेळां थकव्याचें असतें. तें समजण्यासारखें आहे, पण त्यामुळें घरीं बोलावयास उरतात ते फक्त किराणा, फी आणि गॅसचा नंबर.

यावरून माधवरावांचें चित्र निर्दोष ठरत नाहीं, आणि तें तसें ठरविण्याची कांहीं गरजहि नाहीं. रात्रीं शिकविणारा हा पुरुष दिवसा चाललेला जाच थांबवीत नसे. वडीलधाऱ्या बायकांना त्यानें उघड दुखविलें नाहीं. शांत राहावें, सोसावें, हाच सल्ला त्यानें पत्नीला दिला. दोन तास देणें एक, आणि त्या तासांसाठीं घरांत उभें राहणें दुसरें. पहिलें त्यांनीं मनापासून केलें, दुसऱ्यांत ते कमी पडले. शिवाय त्यांचा वेळ हा बहुतेक गुरूचा वेळ होता. रागावले तर ते बोलत नसत, आणि ज्या घरांत रोजचा वेळ बोलण्या-वाचण्याचा, तेथें मौनाची शिक्षा किती जड होत असेल! रमाबाईंना केव्हां नुसतेंच, कांहीं न शिकतां, बसावेंसें वाटलें असेल काय? त्यांनीं तसें लिहिलेलें नाहीं. त्या काळच्या स्त्रीनें तें लिहावें अशी अपेक्षाहि नाहीं. आजच्या वाचकाला मात्र मधूनमधून तशी शंका येते.

याच्या उलट एक घर नाशिकच्या जवळचेंच. गोदाकांठच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई. १८८० सालीं त्यांचा विवाह नारायण वामन टिळक या तरुणाशीं झाला. पुढें ते मोठे कवि झाले आणि १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनाहि पतीनेंच अक्षरें शिकविलीं. त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं आणि मराठींत अमर झालीं. टिळकांना कामाचा असा रगाडा नव्हता. नोकऱ्या धरल्या, सोडल्या. तास त्यांच्यापाशीं मुबलक होते. पण मनांत आलें कीं घरांत कोणाला न सांगतां निघून जावें, हा त्यांचा स्वभाव. मग लक्ष्मीबाईंनीं वाट पाहावी, कानावर येतील त्या बातम्यांवर विश्वास ठेवावा. त्यांनीं हें सगळें इतक्या हंसऱ्या लेखणीनें लिहिलें आहे कीं वाचतांना आधीं हंसूं येतें आणि पान उलटल्यावर घशाशीं कांहींतरी अडकतें. टिळक निष्प्रेम होते असें त्यांची पत्नीच म्हणत नाहीं. त्यांच्यापाशीं प्रेम होतें, वेळ होता. वेळेचा भरंवसा नव्हता. रमाबाईंना काय मिळालें तें या पुस्तकाशेजारीं त्यांचें पुस्तक ठेवलें म्हणजे समजतें. दिवस कसाहि गेला तरी अमक्या घटकेला दिवा लागेल, पुस्तक उघडेल आणि माणूस समोर असेल, ही खात्री त्यांना होती. लहान मुलें व म्हातारीं माणसें यांना तर वेळ किती यापेक्षां वेळ नक्की का, हेंच अधिक लागतें. संध्याकाळीं दारांत बसलेल्या म्हाताऱ्याला मुलगा आठ वाजतां येणार असेल तर तो आठपर्यंत सुखानें बसतो. ‘बघूं, जमलें तर’ असें सांगितलें तर सहा वाजल्यापासून त्याचा जीव वरखालीं होतो.

दुसरी एक बाजू राहते, आणि ती माधवरावांच्या काळीं कोणी विचारांत घेतली नाहीं. पतीनें आपल्या दिवसांतून वेळ काढला; पत्नीच्या दिवसांतून तो कोणी काढला? रमाबाईंचा अभ्यास रात्रीं होई, म्हणजे सगळीं कामें उरकल्यावर होई. आणि पहांटे उठावयाचें चुकत नसे. आज नाशकांत नवराबायको दोघेंहि कामाला जातात अशीं घरें पुष्कळ झालीं. तेथें ‘घरच्यांना वेळ द्या’ हा उपदेश ऐकून पुरुष एक तास लवकर येतो आणि खुर्चींत बसून राहतो. स्त्री तोच तास ओट्याशीं उभी असते. दोघें एका घरांत असतात, एका वेळेंत नसतात. भांडीं घासतां घासतां जें बोलणें होतें तें दोघांचे हात पाण्यांत असल्यास अधिक रंगतें, हें ज्यांनीं करून पाहिलें त्यांना ठाऊक आहे.

माधवराव १८९३ सालीं मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. काम वाढलें, कीर्ति वाढली, प्रकृति मात्र खालावली. १९०० च्या डिसेंबरांत लाहोरच्या सामाजिक परिषदेस त्यांना जातां आलें नाहीं. त्यांचें भाषण गोखल्यांनीं नेलें. इतक्या वर्षांत हृदयविकारानें प्रथमच त्यांना असें थांबविलें. १९०१ च्या जानेवारींत त्यांनीं दीर्घ रजा घेतली. पुष्कळ माणसें अशी एक रजा मनांत राखून असतात. तिच्यांत राहून गेलेलें सगळें करावयाचें असतें. माधवरावांची ती रजा फार थोडे दिवस टिकली. १६ जानेवारीला, एकूणसाठ वर्षें पुरीं व्हावयास दोन दिवस असतांना, मुंबईस त्यांचा अंत झाला. त्या रजेंत करावयाचें म्हणून ठेवलेलें घरचें फारसें कांहीं शिल्लक नसावें. तें रोज थोडें थोडें होऊन गेलें होतें.

रमाबाई पुण्यास परतल्या आणि वर्षभर जवळजवळ कोठें गेल्या नाहींत. मग येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्रीकैद्यांकडे जाऊं लागल्या. १९१० सालीं त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. गोखल्यांनीं त्यांना प्रस्तावना लिहिली. न्यायमूर्तींच्या निकालांची, अर्थशास्त्राची अगर राजकारणाची माहिती शोधणाऱ्यास या पुस्तकांतून फारसें हातीं लागत नाहीं. तूप, पाटी, प्रवास, रुसवे, पहांटेचे अभंग, कलकत्त्याचा न्हावी, यांनींच तें भरलेलें आहे. एका घराच्या उरलेल्या वेळेचा हा जमाखर्च लिहिणारीला सदतीस वर्षांपूर्वीं स्वतःचें नांवहि लिहितां येत नव्हतें.

त्याच सुमारास, १९०९ सालीं, पुण्यास सेवासदनाचें काम सुरू झालें. रमाबाई त्याच्या आधार होत्या. विधवा, परित्यक्ता, चुलीपलीकडे कांहीं न शिकलेल्या प्रौढ बायका तेथें अक्षरें गिरवावयास येत. त्यांतल्या कितीजणी घरीं टोमणे ऐकून आलेल्या असतील, तें रमाबाईंना कोणी सांगावयास नको होतें. त्यांचे वर्ग दुपारचे ठेवले होते. सकाळीं व सायंकाळीं त्या बायकांना घरचीं कामें असत.